महादेवाचे गहू आणि माझ्या अळ्या

अर्धं आयुष्य मी धान्यातल्या अळ्या मारण्यात घालवलं, आणि गेल्या वर्षी घरात अळ्या पाळायला घेतल्या.

डोकं ठिकाणावर असताना घेतल्या, हे आधीच सांगतो. (मंगलचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मत वेगळं आहे. पण लेख मी लिहितोय.) लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, आमचं धान्याचं दुकान आहे. आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, मी गल्ल्यावर बसून राखलं. आमच्या दुकानाची कीर्ती एकाच गोष्टीसाठी आहे: आमच्या धान्यात किडा नसतो. गिऱ्हाईक पोत्यात हात घालतं, मूठभर गहू तळहातावर पसरतं, बोटानं इकडून तिकडे फिरवतं आणि मान हलवतं. त्या मान हलवण्यावर आमच्या घराण्याची इज्जत उभी आहे.

त्यामुळेच आमच्या गल्लीतल्या महादेवाच्या जत्रेला जी हुग्गी होते, तिचे गहू आमच्या घरचे असतात. (हुग्गी म्हणजे कांडलेल्या खपली गव्हाची, गूळ घालून शिजवलेली खीर. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांनी अजून जगून घ्यावं.) हा मान आजोबांपासूनचा आहे. समोरच्या गाळ्यातला महालिंग दरवर्षी देवळाच्या पंचांना, गुरुलिंग अप्पांना, गोड आवाजात विचारतो, "अप्पा, एखाद्या साली आमालाबी सेवा द्या की." आणि अप्पा दरवर्षी सगळ्यांदेखत सांगतात, "ज्या साली ह्यांच्या गव्हात किडा निघंल, त्या साली तुझ्याकडं येतो बघ." महालिंग त्या सालाची वाट बघत म्हातारा होत चालला होता.

तर अशा घरात पाल आली.

आमची एकुलती एक लेक श्रुती नांदेडला एका लॅबमध्ये नोकरीला आहे. एका रविवारी ती काचेची पेटी पोटाशी धरून एसटीतून उतरली आणि म्हणाली, "पप्पा, ही बुंदी." गोडाचं नाव ऐकून मी हात पुढे केला, तर आत वाळूवर एक पिवळी पाल बसलेली! अंगभर काळे ठिपके, आणि चेहऱ्यावर असं हसू की हिनंच आम्हाला पाळायला आणलंय.

"ही पाल आहे," मंगल म्हणाली.

"पाल नाही गं आई. लेपर्ड गेको. परदेशी असते."

"बरं. ही परदेशी पाल आहे."

"माझी घरमालकीण म्हणाली, एकतर तू राहा नाहीतर ती राहील."

"मग तू काय ठरवलंस?" मंगलनं मनापासून विचारलं.

श्रुतीनं बुंदीच्या नोंदणीचा कागदही दाखवला. पालीचा कागद पक्का होता. आमच्या मागच्या प्लॉटचा अजून नाही. लेक डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "दुसरी खोली मिळेपर्यंतच ठेवा ना पप्पा," आणि मी विरघळलो. एकुलत्या एक लेकीसमोर बाप विरघळतो, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे.

माझी आई, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, त्या पेटीसमोर पाट टाकून बसली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "चुकचुकत का न्हाई ही?"

"या जातीच्या चुकचुकत नाहीत, अव्वा."

"मग पाळून उपेग काय?"

तरी घरी आलेलं कुणी उपाशी जाऊ नये, म्हणून अव्वानं ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून पेटीत ठेवली. या जातीच्या पालींना पापण्या असतात. बुंदीनं भाकरीकडे बघितलं, अव्वाकडे बघितलं आणि सावकाश डोळे मिटून घेतले. "लाजालीय," अव्वा म्हणाली.

श्रुतीनं मला जिन्याखाली नेऊन खरी गोष्ट सांगितली. ही जिवंत अळ्या खाते! आता आमचं घर असं आहे, की अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नाही. वाढदिवसाचा केक आणताना मी बेकरीवाल्याला शपथ घालतो. त्या घरात रोज अळ्यांचं ताट वाढायचं! अव्वाला आम्ही सांगितलं, की ही परदेशी आहे, हिचा खाऊ डब्यातून येतो. डब्यातून येतो हे खरंच होतं. फक्त तो डब्यात चालत फिरत असे.

पहिला खाऊ पुण्याहून पार्सलनं मागवला. पार्सल ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात पत्र्याखाली पडून राहिलं, आणि लातूरच्या उन्हानं आपलं काम केलं. मी उघडलं तेव्हा सगळ्या अळ्या आडव्या. श्रुती फोनवर रडकुंडीला आली. "पप्पा, ती उपाशी मरेल हो!"

इथे माझा धंद्याचा गर्व उफाळून आला.

"अगं, धान्याचा व्यापारी आहे मी! अळ्या कुठून मागवायच्या म्हणतेस? आमच्याकडे त्या न बोलवता येतात. मी घरीच पैदा करतो."

श्रुतीनं नांदेडच्या एका मैत्रिणीकडून थोड्या अळ्या बियाण्यासारख्या पाठवल्या. मी चक्कीवरून गव्हाचा कोंडा आणला, चाळला, त्यात अळ्या सोडल्या आणि निश्चिंत झालो. आठवड्यात सगळ्या मेल्या. श्रुतीनं फोनवर खोदून खोदून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कोंडा भरल्यावर मी वरून कडुनिंबाचा पाला टाकला होता. डब्यात धान्य भरलं की वर पाला टाकायचा, हे माझ्या हातांना इतकं पाठ आहे की डोक्याला विचारायची पद्धत नाही.

"पप्पा, तुम्ही त्यांना वाढवताय की मारताय?"

"साधा पाला गं! मूठभर!"

"उद्या परत पाठवते. आणि प्लीज, व्यापारी म्हणून वागू नका."

दुसऱ्या खेपेला मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि काम जमलं. पाण्याऐवजी गाजराचे काप टाकायचे. अळीचा कोश होतो, कोशाचा काळा किडा होतो, किडा अंडी घालतो आणि पुन्हा अळ्या. सगळा प्रपंच त्या कोंड्यात. मला त्याचं वेडच लागलं हो! मोंढ्यात सौदा चाललेला असायचा आणि माझ्या मनात यायचं, गाजर संपलं असेल. एकदा मंडईतून कोथिंबीर विसरून फक्त गाजरं घेऊन आलो, तेव्हा मंगल म्हणाली, "लेक लहान होती तेव्हा तिला दूध प्यायला मिळालं का, हे कधी विचारलं होतंत?" मी खाली मान घालून चिरत राहिलो, कारण काप बारीक व्हायला हवे होते.

अळ्यांसाठी डबा मंगलनंच दिला. तिच्या लग्नातला मोठा स्टीलचा पिठाचा डबा, ज्याचं झाकण मोडलं होतं. स्टील गुळगुळीत, त्यामुळे अळ्यांना वर चढता येत नाही. तोंडाला फडकं बांधलं आणि डबा जिन्याखाली ठेवला. डब्यावर बाहेरून ठळक अक्षरात कोरलेलं होतं: सौ. मंगल. तिनं अट घातली होती. "अव्वांना कळता कामा नये. आणि जत्रेचे गहू घरात यायच्या आत हे सगळं दुसरीकडे हलवायचं. देवाचे गहू आणि तुमच्या अळ्या एका छपराखाली नकोत मला."

"हलवतो की," मी म्हणालो. मंगलला मी 'करतो की' म्हटलं की ते काम मी करणार नाही हे तिला माहीत असतं, पण त्या दिवशी ती घाईत होती.

जत्रा आली. खपली गहू कांडून घरी आले. दरवर्षी गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमतात, गच्चीवर गहू उन्हात घालून, पाखडून, निवडून होतात, आणि संध्याकाळी गुरुलिंग अप्पा ते वाजतगाजत देवळात नेतात. त्या दिवशी दुपारी मी दुकानातून जरा लवकर आलो. सरळ जिन्याखाली गेलो. गाजर द्यायची वेळ झाली होती.

डबा नव्हता.

म्हणजे होता, पण नळापाशी. घासून, लख्ख करून, पालथा घातलेला! 'सौ. मंगल' उन्हात चमकत होतं.

मी स्वयंपाकघरात धावलो. मंगल बायकांसाठी चहा गाळत होती.

"डबा तू रिकामा केलास?"

"मी कशाला हात लावू त्याला? तुम्ही हलवला ना? मी म्हटलं, चला, एकदाचं ऐकलं माझं."

"मी नाही हलवला."

मंगलनं गाळणी हवेतच धरली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. घरचं तिसरं माणूस एकच होतं, आणि ते गच्चीवर होतं.

जिना चढता चढता मी श्रुतीला फोन लावला.

"अळ्या उन्हात ठेवल्या तर काय करतात गं?"

"उन्हात राहत नाहीत त्या. सावलीत पळतात, कशाच्या तरी खाली घुसतात. का?"

"शेजारी धान्य असलं तर?"

"मग धान्यातच जातील. पप्पा, काय झालं? बुंदी बरी आहे ना?"

"बुंदी बरी आहे. माझं काही खरं नाही," म्हणून मी फोन ठेवला.

गच्चीवर पोचलो आणि ज्याला भिऊन आलो होतो तेच समोर होतं. एका बाजूला मोठ्या ताडपत्रीवर गव्हाची रास. रासेभोवती, उभ्या केलेल्या खाटेच्या सावलीत, गल्लीतल्या बायका सुपं घेऊन बसलेल्या. आणि ताडपत्रीला लागूनच, जुन्या लुगड्यावर, माझा कोंडा पसरलेला! वाकून पाहिलं. कोंड्यात एकही अळी नाही, एकही किडा नाही. नुसता गरम कोंडा, आणि त्यावर वाळलेले गाजराचे काप.

अव्वानं मला बघितलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मला पाण्याच्या टाकीमागे ओढून नेलं.

"शिवा, मंगलला काय बोलू नगंस हं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पोरीच्या हातून झालं. पिठाचा डबा जिन्याखाली इसरली, आन् त्यात ह्या एवढाल्या अळ्या! फडकं सोडलं आन् लगेच परत बांधलं. गल्लीतल्या बाया घरात. कुणी बघितलं असतं तर? आडतीच्या घरची सून, आन् तिच्या डब्यात अळ्या! म्हणून म्या गुपचूप वर आणलं आन् उन्हात घातलं. बघ, घंटाभरात सगळ्या पळून गेल्या. डबाबी घासून ठिवलाय. तिला कळू देऊ नगंस, जिवाला लावून घील."

आता मी काय सांगावं? अव्वा सुनेची अब्रू झाकत होती, मंगल अव्वाचा जीव जपत होती, आणि दोघींच्या मध्ये माझ्या अळ्या देवाच्या गव्हात शिरल्या होत्या. अव्वाच्या चेहऱ्यावर सुनेसाठी एवढं मोठं काम केल्याचा आनंद होता, आणि तो पुसायची मला हिंमत झाली नाही. खरं तर माझी सगळी हिंमत आधीच संपली होती.

तेवढ्यात रासेच्या कडेला गहू हलले. एक दाणा उचलला गेला, बाजूला झाला, आणि खालून माझी एक अळी डोकं काढून बाहेर बघू लागली. मी ओळखली. म्हणजे तीच की तिची बहीण हे सांगता येणार नाही, पण घरातली होती.

मी झडप घातली आणि तिला मुठीत घेतलं.

"अण्णा, काय करालाव?" शेजारच्या कमलाबाईंनी सूप थांबवून विचारलं.

"खडा होता."

"खडा? आमाला दिसला न्हाई तो?"

"तुम्ही दमलात. सरका जरा, मी पण निवडतो."

सुपं एकदम थांबली. आमच्या घराण्याच्या इतिहासात कुणी पुरुष गहू निवडायला बसला नव्हता. आम्ही ते विकतो. बायका सरकल्या, पण असं बघत होत्या, की मला डॉक्टरकडे न्यावं की देवऋष्याकडे. मी मांडी घालून बसलो आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात घातले. अळी दिसली की उचलायची. पण ठेवायची कुठे? फेकली तर कुणी बघेल. चिरडली तर, खोटं कशाला बोलू, चिरडवेना! गाजरं कापून वाढवलेल्या हो त्या! म्हणून मी त्या सदऱ्याच्या खिशात टाकू लागलो.

"अण्णा, देवाची सेवा करालेत," कमलाबाई शेजारणीला म्हणाल्या. "लई भाव हाय मनात. घाम बघ किती फुटलाय!"

एक खिशात, दुसरी खिशात, एक काळा किडा खिशात. खिसा आतून चालू लागला. छातीवर गुदगुल्या होत होत्या आणि मला हसायची चोरी. मंगल चहाचं ताट घेऊन वर आली, तिनं कोंडा बघितला, गव्हात बसलेला मी बघितला, माझा हलणारा खिसा बघितला, आणि तोंडाला पदर लावून जिन्याच्या पायरीवरच बसली. ती हसत होती की रडत होती, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलेलंही नाही.

अशा मुहूर्तावर गुरुलिंग अप्पा आले. वेळेच्या आधी! दरवर्षी संध्याकाळी येणारा माणूस त्या दिवशी उन्हात, डोक्याला पंचा गुंडाळून, जिना चढून वर.

"वा रे वा शिवा!" अप्पांचा आवाज देवळात माईक न लावता चालतो. "मालक सोता गहू निवडालेत! ह्याला म्हणावं सेवा! त्या महालिंगाला बोलवून दाखवतो आता."

"अप्पा, उन्हात कशाला आलात? खाली बसा, पंख्याखाली. मी येतोच."

"पंखा राहू दे. तोंड कडू झालंय, जरा बडीशेप दे."

इथे एक सांगायला पाहिजे. मी सदऱ्याच्या खिशात बडीशेपची पुडी ठेवतो आणि गुरुलिंग अप्पा ती मागतात. मागतात म्हणजे काय, बोलता बोलता थेट माझ्या खिशात हात घालतात. पहिल्यापासूनची सवय आहे. माझ्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, त्यांनी नवरदेवाच्या खिशातून बडीशेप काढून खाल्ली होती.

अप्पांचा हात पुढे आला. मी मागे सरकलो. हात आणखी पुढे आला.

"अरे, सबूर. असं काय करालास?"

"अप्पा, नको!"

"बडीशेपेला न्हाई म्हणालास? मला?"

त्यांची बोटं खिशाच्या काठाला लागली, आणि मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओरडलो, "अप्पा, खिशात अळ्या आहेत!"

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण भ्यालेल्या माणसाचं तोंड एकदा उघडलं की बंद होत नाही. मी सगळं सांगून टाकलं! की अळ्या मी पाळल्या, पालीसाठी पाळल्या, मंगलचा काही दोष नाही, तिचा फक्त डबा आहे, अव्वाचाही दोष नाही, तिला माहीतच नव्हतं, दोष माझा आहे, आणि त्या अळ्या आता महादेवाच्या गव्हात शिरल्या आहेत, हुग्गी बाटली, आजोबांचा मान माझ्या हातून गेला, महालिंगाला सांगा तुझं साल आलं! बोलता बोलता मला खरंच रडू आलं. आजोबा मला मोंढ्यात बोट धरून न्यायचे ते आठवलं, आणि पन्नाशीचा माणूस मी, भर गच्चीवर, बायकांसमोर, खिशावर हात दाबून रडलो.

अप्पांनी हात मागे घेतला आणि निरखून बघितला. सगळ्या बायकांनी सुपं जमिनीवर ठेवली.

मग अव्वा पुढे आली.

"शिवा," ती म्हणाली, "ही महादेवाची खपली हाय व्हय रे?"

मी डोळे पुसले.

"देवाचे गहू सकाळीच निवडून झाले. पोत्यात भरून, तोंड शिवून, देवघरापाशी ठिवलेत. किडका कोंडा म्या देवाच्या गव्हाशेजारी पसरीन? मला काय येड लागलंय? हे आपल्या घरचे गहू हायत, सालभराचे! बाया जमल्यात म्हणून तेबी निवडून घेतालो. दरसाल घेतो की आमी!"

"दरसाल?"

"तू असतूस कुठं घरी?"

मी रासेकडे बघितलं. नीट बघितलं, त्या दुपारी पहिल्यांदाच. समोर साधा, गोल दाण्याचा, चपातीचा गहू होता. खपली लांबट असते, तांबूस असते, कांडल्यावर तिचं रूपच वेगळं होतं. मोंढ्यातलं शेंबडं पोर डोळे बांधून, नुसत्या बोटांनी फरक सांगेल. आणि मी, तिसऱ्या पिढीचा व्यापारी, त्यात कोपरापर्यंत हात घालून तासभर बसलो होतो आणि मला कळलं नाही! माझं लक्ष गव्हाकडे नव्हतंच. मी गव्हातली हालचाल बघत होतो.

"मोंढ्यात बसतूस का झोपतूस रे?" अव्वानं विचारलं.

पहिल्यांदा कमलाबाई हसल्या. मग सगळ्या. मग अप्पा, आणि त्यांचं हसणं खालच्या चौकापर्यंत गेलं. मंगल पायरीवरून उठेचना, तिच्या हातातलं ताट खळाखळा वाजत होतं. मला मात्र हसू नंतर आलं. आधी असा मोठा श्वास सुटला, की जणू छातीवरचं पोतं कुणीतरी उचललं. महादेवाचे गहू शाबूत होते! आजोबांचा मान शाबूत होता! मी तिथेच गव्हाच्या राशीवर आडवा पडलो आणि आभाळाकडे बघत राहिलो. त्या क्षणी मला जगात कुणाबद्दल तक्रार नव्हती, महालिंगाबद्दलसुद्धा.

"पण अळ्या तर लई होत्या," अव्वा विचार करत म्हणाली. "समद्या काय गव्हात गेल्या न्हाईत. निम्म्या तर चिमण्यांनी खाल्ल्या. म्या बघितलं, लई चिमण्या आल्त्या आज."

मग ती एकदम थांबली. माझं सगळं बोलणं आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होतं.

"म्हंजे ती पाल अळ्या खाती?"

"हो, अव्वा."

"आन् म्या तिला दूधभाकरी देत होतो!" अव्वा कळवळली. "मुका जीव. सांगायचं न्हाई व्हय रे मला? आता काय खाईल ती आज?"

मी खिशाकडे बोट दाखवलं. अव्वानं खिशात डोकावून बघितलं. मग वळून मंगलला म्हणाली, "मंगल, तो डबा आण गं खालून. झाकण मोडलेलाच आण, चांगला नगं." सासू-सुना एकमेकींकडे बघून हसल्या. दोघींनी एकमेकींपासून लपवायचं आता काही उरलं नव्हतं, आणि त्याचा मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगितला नाही, कारण त्या आनंदात माझं कौतुक कुठेच नव्हतं.

अप्पांनी देवघरापाशी जाऊन पोत्याची शिवण उसवली, मूठभर खपली तळहातावर घेतली, बोटानं फिरवली आणि मान हलवली. संध्याकाळी हलगी वाजत पोतं देवळात गेलं. दुसऱ्या दिवशी पंगतीत मी हुग्गी दोनदा मागून घेतली आणि प्रत्येक घास तोंडात घालण्याआधी उगाच बारकाईनं बघितला. शेजारी बसलेला महालिंग माझ्यापेक्षा बारकाईनं बघत होता. दोघांनाही काही सापडलं नाही.

घरचे गहू आम्ही पुन्हा चाळले, पुन्हा निवडले. अव्वानं मला त्या कामावर बसवलं आणि स्वतः पाटावर बसून देखरेख केली. बुंदी आता गुटगुटीत झाली आहे. श्रुतीला नांदेडला दुसरी खोली मिळाली, पण अव्वा म्हणते, तिला प्रवास सोसायचा नाही.

एवढंच असतं तर बरं होतं. पण जी गोष्ट गच्चीवर गल्लीतल्या बायकांसमोर झाली, ती दिवस मावळायच्या आत मोंढ्यात पोचली. महिना झाला नसेल, भर गर्दीच्या वेळी एक शाळामास्तरीण बाई दुकानात आल्या. जुनं गिऱ्हाईक. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि गल्ल्यावर उघडली. आत एक बारीकशी अळी होती, जिवंत.

"अण्णा, परवा नेलेल्या तूरडाळीत ही सापडली. तक्रार न्हाई हं. म्हटलं तुमच्या घरची असंल, चुकून आली असंल. का डाळीतलीच हाय?"

गिऱ्हाईकांनी पोत्यातले हात काढले आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी अळीकडे बघितलं. किडकिडीत, फिकट, आमच्या डब्यातल्यांशी तिचं लांबचंही नातं नव्हतं. ती शंभर टक्के डाळीतली होती.

तीन पिढ्यांची इज्जत डोळ्यांसमोरून गेली. मी दोन बोटांनी ती अळी अलगद उचलली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आमचीच हाय हो, बाई! सकाळपासून हिलाच शोधत होतो!"